तीन बिऱ्हाडं, एक वाडा!

कोडिंग म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मास कॉमवालीला त्यातलं काय कळणार? पण पोल्काडॉटची गोष्ट मलाही पटली, बॉस! या ब्लॉकचेनचा ओपन सोर्स कोड आधी तीन रिपॉझिटरींत, म्हणजे कोडच्या तीन कोठ्यांत असायचा. सबस्ट्रेट म्हणजे पाया, पोल्काडॉट ही मुख्य साखळी आणि क्युम्युलस म्हणजे तिला इतर साखळ्या जोडणारा दुवा. पायाची एक वीट हलवली, की बऱ्याचदा उरलेल्या दोन्हीकडे जोडीची दुरुस्ती पाठवा आणि सगळ्या पास होईपर्यंत ताटकळत बसा! शेवटी ऑगस्ट २०२३मध्ये तिन्ही बिऱ्हाडं 'पोल्काडॉट एसडीके' या एकाच वाड्यात आली. आता तोच बदल एका फटक्यात होतो.

मला धास्ती होती ती नावांची. ओपन सोर्समध्ये कित्येकांची खरी कमाई म्हणजे कोडच्या इतिहासात नोंदलेलं आपलं नाव. ते हरवलं तर? पण सामानाबरोबर तो इतिहासही आणला गेला. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, हे आजही दिसतं. वाडा मोठा, तशी झाडलोटही मोठी, हे खरंच. पण दारावरची जुनी पाटी शाबूत असेल, तर घर बदलायला कोण नाही म्हणेल?