मिस्त्रीची थकबाकी आणि भाडेकरूचं दार

अनामत रकमेच्या विषयाचा राहिलेला भाग या आठवड्यात पुरा करायचा होता. तो पुढच्या खेपेला करू. साताऱ्याच्या शुक्रवार पेठेतून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि त्यांना उत्तराची घाई आहे.

वाड्याच्या मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या आहेत. मालक पुण्याला असतात. पावसाळ्याआधी मालकांनी फोनवरूनच एका मिस्त्रीला काम दिलं: मागची भिंत बांधायची, कौलं उतरवून पत्रे घालायचे, नवी मोरी करायची आणि पाण्याची मोटार बसवायची. निम्मे पैसे पोचले, निम्मे थकले. आता मालक फोन उचलत नाहीत, तेव्हा मिस्त्री भाडेकरूंच्या दारात आला. “ताई, मालकांना सांगा. आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर मोटार काढून नेतो, पत्रे उतरवतो आणि जिन्याला कुलूप घालतो.” ताईंचे प्रश्न दोन आहेत. मिस्त्रीला असं करता येतं का? आणि वाद मिटावा म्हणून आम्हीच पैसे भरून ते भाड्यातून वळते केले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘लेखी संमतीशिवाय मुळीच नको’.

पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आपल्या कायद्यात आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 मध्ये तो दिला आहे. रिवाइंडिंगला टाकलेली मोटार मजुरी चुकती होईपर्यंत दुकानदार ठेवून घेऊ शकतो. पण हा हक्क जंगम वस्तूपुरता आहे आणि ती वस्तू कारागिराच्या ताब्यात असेल तरच आहे. घर मिस्त्रीच्या ताब्यात कधी जातच नाही. त्यात राहणारी माणसं त्याची देणेकरी नाहीत. अमेरिकेत मात्र बांधकाम कारागिराच्या थकबाकीचा बोजा थेट इमारतीवर चढवता येतो. मेरीलँड राज्याने 1791 मध्ये, नव्या राजधानीचं बांधकाम सुरू होत असताना, असा पहिला कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपल्याकडचं येणं माणसाकडून वसूल करायचं असतं, आणि इथे ती व्यक्ती म्हणजे काम सांगणारे मालक.

मोटारीचंही तसंच आहे. मालविक्री अधिनियम, 1930 नुसार पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवता येतो, तो माल त्याच्या हातात असेपर्यंतच. गिऱ्हाइकाच्या कायदेशीर ताब्यात माल गेला की तो हक्क संपतो. बसवलेली मोटार आणि ठोकलेले पत्रे आता त्या घराचे आहेत. पत्रे उचकटणं ही वसुली होत नाही, ती नुकसानी होते.

जिन्याला कुलूप पडलंच तर काय करायचं? ताईंनी सरळ पोलीस ठाण्यात जावं. तिथे बहुधा “ही दिवाणी बाब आहे” असं ऐकायला मिळेल. त्यावर शांतपणे सांगावं की पैशाचा वाद दिवाणी आहे, कुलूप नाही. ज्याला ज्या वाटेने जाण्याचा हक्क आहे त्याला त्या वाटेवर अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गुन्हा आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करता येतो. बाहेरच काढलं असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची याची चर्चा होत नाही. कब्जा तुमचा होता आणि तो कायद्याच्या मार्गाने न जाता काढून घेतला, एवढं दाखवलं की पुरे.

मोटार गेली आणि पाणी बंद पडलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 29 वाचा. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा मालकाला पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाहीत आणि रोखूनही धरता येत नाहीत. पैसे थकवून पाणी बंद पडू देणाऱ्या मालकाला या कलमाखाली न्यायालयात उत्तर द्यायला बोलावता येतं.

आता मिस्त्रीची बाजू, कारण त्याचे पैसे बुडावेत असं मला अजिबात वाटत नाही. त्याने घाम गाळला आहे आणि बिगाऱ्यांची हजेरी स्वतःच्या खिशातून दिली आहे. काम पुरं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याला मालकावर दावा लावता येतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन लोकअदालतीत दावापूर्व प्रकरण म्हणून हा वाद ठेवता येतो. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे ही सोय आहे. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं. मिस्त्री पुन्हा दारात आला तर ताईंनी त्याला हा रस्ता आणि मालकांचा पुण्याचा पत्ता द्यावा. चार शब्द गोड बोलून हे सांगितलं तर निम्मा ताण तिथेच उतरेल.

समजा मिस्त्रीने दावा जिंकला, मालकांनी तरीही पैसे दिले नाहीत आणि दरखास्त दाखल होऊन वाड्यावर जप्ती आली. इथे भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेतला माझ्या फार आवडीचा एक नियम इथे सविस्तर सांगतो. आदेश 21 चा नियम 96. लिलावात विकलेल्या मिळकतीत मालक स्वतः राहत असेल तर बेलीफ त्याला बाहेर काढून खरेदीदाराला कब्जा देतो. पण तिथे हक्काने राहणारा भाडेकरू असेल तर बेलीफ त्याचं सामान हलवत नाही. विक्रीच्या दाखल्याची नक्कल मिळकतीवर ठळक जागी डकवायची आणि दवंडी पिटून किंवा रूढ पद्धतीने भाडेकरूला कळवायचं की मालकाचा हक्क आता खरेदीदाराकडे गेला. कब्जा देण्याचं काम एवढ्यावर पुरं होतं. चूल तिथेच राहते, भाड्याची पावती फक्त नव्या मालकाच्या नावाने येऊ लागते.

बँकांच्या कर्जवसुलीतही हाच विचार दिसतो. विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये सांगितलं की भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला सरफेसी कायद्याच्या आडून हुसकावता येत नाही. मात्र भाडेकरार जप्तीनंतर झाला असेल तर हे संरक्षण डळमळतं. म्हणून नवं घर घेताना मिळकतीवर जप्ती किंवा बोजा आहे का, हे आधी पाहावं.

एका बाबतीत मात्र भाडेकरूने जागं राहायला हवं. मिस्त्री न्यायालयातून तुमच्या भाड्यावरही जप्ती आणू शकतो. तसा मनाई हुकूम हातात पडला की भाडं मालकाला देऊ नका, न्यायालयात भरा. न्यायालयात भरलेलं भाडं मालकाला दिल्यासारखंच धरलं जातं. हुकूम मिळाल्यावरही मालकाला दिलंत तर तेच भाडं पुन्हा भरायची पाळी येईल. आणि असा हुकूम येईपर्यंत भाडं एक महिनाही थांबवू नका. मालक भेटत नसतील तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा. मिस्त्रीच्या भांडणाने घर जात नाही, थकलेल्या भाड्याने जाऊ शकतं.

आता दुसरा प्रश्न. तो सांगलीकरांना जास्त जवळचा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट धरतात. 2021 मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरलं. पूर ओसरल्यावर चिखल काढून घर उभं करायचं तर मालकाची वाट कोण पाहणार? मग भाडेकरूच मिस्त्रीला बोलावतो. तसं केलं की मिस्त्रीचा करार भाडेकरूशी होतो आणि पैशाची जबाबदारीही त्याच्यावर येते. “करा हो, मी बघते” हे चार शब्दही करार ठरू शकतात.

कायद्याने यावर मार्ग ठेवला आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 14 नुसार दुरुस्ती मालकाने करायची असते. त्याने टाळली तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. हिशोब करून पाहा. भाडं महिना 4,000 असेल तर वर्षाचे 48,000 होतात आणि वळते करता येतात 12,000. जुन्या वाड्यातलं भाडं महिना 300 असेल तर वर्षाचे 3,600 आणि हातात येतात 900 रुपये. एक गवंडी आणि एक बिगारी यांची एका दिवसाची हजेरीही त्यात भागत नाही. मुंबईतल्या उपकरप्राप्त चाळींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. साताऱ्या-सांगलीच्या वाड्यांना तसा कोणी वाली नाही. जुन्या भाडेकरूला हक्क आहे, पण त्या हक्काने पत्राही बदलून होत नाही. ही उणीव राज्य सरकारने केव्हाच दूर करायला हवी होती.

शुक्रवार पेठेतल्या ताईंचं प्रकरण तर कलम 14 मध्येही बसत नाही, कारण काम मालकांनी सांगितलं होतं. मालकाची थकलेली घरपट्टी भाडेकरूने भरली तर ती भाड्यातून कापता येते, कारण ती मिळकतीवरच वसूल होऊ शकते. मिस्त्रीचं बिल तसं नाही. तेव्हा मालकांची लेखी संमती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ‘मिस्त्रीला अमुक रक्कम द्या आणि अमुक महिन्यांच्या भाड्यात धरा’ एवढा व्हॉट्सॲपवरचा निरोपही पुढे पुरावा म्हणून कामी येईल. तो जपून ठेवा.

सर्व भाडेकरू वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. भाड्याच्या पावत्या आजच एका पिशवीत एकत्र करा. पावती देणं मालकावर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे बंधनकारक आहे. देत नसतील तर लेखी मागा. विजेचं बिल आणि घराच्या पत्त्याचं रेशनकार्ड त्याच पिशवीत ठेवा. बेलीफ दारात येतो तेव्हा ‘हा इथे हक्काने राहतो’ हे तोंडाने सांगून भागत नाही, कागद लागतो.

अनामत रकमेचा विषय पुढच्या आठवड्यात नक्की घेऊ.