पंपावरचे लिटर अन् टाकीत पोचणारे लिटर



उन्हाळा लागला की पांढुर्णा-सौंसरकडच्या आपल्या टाक्यांमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. मग लोक हवेचा पंप घ्यायला धावतात अन् दुकानात एकच विचारतात, "किती एलपीएमचा?"

एलपीएम म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा. मोठ्या मशीनवर सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, लिहिलेलं असतं. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८.३ लिटर.

पण तो आकडा मोजला कसा, हे कोणी विचारत नाही. लहान पंपाचा आकडा बरेचदा तोंड मोकळं ठेवून काढलेला असतो. हवेचा दगड दीड मीटर खाली सोडला, की तेवढ्या पाण्याचा सुमारे ०.१५ बार दाब पंपाला ढकलावा लागतो, वरून लांब बारीक नळी. हवा घटतेच. म्हणून विचारायचं, "भाऊ, दीड मीटर खोलीवर किती देतो?"

पिस्टनच्या कॉम्प्रेसरचं आणखी वेगळं. त्याच्यावर कधी सिलिंडरचं माप गुणिले फेरे असा कागदी हिशेब लिहितात, त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. प्रत्यक्षात बाहेर पडलेली हवा, पुन्हा मोकळ्या हवेच्या मापात धरून, सांगितली तर ती एफएडी, फ्री एअर डिलिव्हरी. ती नेहमीच कमी भरते. आयएसओ १२१७ हे मोजणीचं जागतिक मानक आहे. दोन कंपन्यांचे आकडे ताडायचे तर एफएडीला एफएडीच लावा, तेही एकाच दाबाचे.

घरी मोजायचं तर सोपं आहे. दगड टाकीच्या तळाशी ठेवा. १५ लिटरची बादली पाण्यात बुडवून, पूर्ण भरून, उलटी करा अन् पाण्याच्या वरच्या थरात बुडबुड्यांवर धरा. हवेने भरायला ३० सेकंद लागले तर पंप ३० एलपीएम देतोय, डब्यावर ६० का लिहिलेलं असेना. दोघांनी धरा, भरत आली की बादली जोरात वर उसळते. टाकीत एकापेक्षा जास्त दगड असतील तर प्रत्येकाचं वेगळं मोजून बेरीज करा, सगळे चालू ठेवूनच.

एक सांगायचं राहिलं. गॅरेजचा तेलावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीला लावू नका, हवेबरोबर तेल पाण्यात उतरतं. आपल्या एवढ्या कमी खोलीला ७-८ बारचं मशीन लागतही नाही, ब्लोअरच बरा पडतो.

— सचिव