गृहिणीचे श्रम, घराची स्वच्छता आणि विसावा

दुपार झाली की शेतकरी औत सोडतो, बैलांना पाणी दाखवितो आणि सावलीत बांधतो. विसाव्यावाचून जनावराची ताकद खचते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. त्याच घरातील गृहिणीच्या मानेवरचे जू मात्र पहाटेपासून रात्री निजेपर्यंत उतरत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दिवसभर शेतात वाकलेली असते आणि घरी येताच केरसुणी घेऊन पुन्हा वाकते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २८९ मिनिटे त्या कामात जातात. पुरुषांची केवळ ८८ मिनिटे जातात. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेले शरीर लवकर थकते. अशा स्थितीत सारे घर एका दमात झाडून, सारवून काढण्याची हौस अंगावर येते. कंबर धरते, काम अर्धवट राहते आणि पुढे चार दिवस घराकडे पाहणे होत नाही. यावर उपाय एकच : कामाची वाटणी करावी व विसाव्याची वेळ आधीच ठरवावी.

रोजचे, आठवड्याचे व हंगामाचे काम

सर्वच साफसफाई रोज करण्याची गरज नाही. गोठ्यातील शेण काढणे, पिण्याच्या पाण्याची भांडी घासणे, स्वयंपाकाची जागा व मोरी स्वच्छ ठेवणे एवढी कामे मात्र रोज झालीच पाहिजेत.

रांजण, टाक्या व हौद आठवड्यातून एक दिवस रिकामे करून, आतून घासून कोरडे ठेवावेत. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. त्याआधीच पाणी काढून टाकल्यास डेंग्यूचा डास घरात वाढू शकत नाही. माशीची वाढही उष्ण हवेत जवळपास तेवढ्याच दिवसांत पुरी होते; म्हणून शेण अंगणात साठू न देता खताच्या खड्ड्यात टाकावे व वर मातीचा थर द्यावा. अंथरूण-पांघरूण उन्हात घालणे हेही आठवड्याचेच काम समजावे.

जाळी काढणे, फळ्या पुसणे, धान्याच्या कणग्या साफ करणे ही हंगामाची कामे होत. दिवाळीची साफसफाई दोन दिवसांत उरकण्याऐवजी दसऱ्यापासून रोज एक कोपरा याप्रमाणे घेतल्यास ती सहज पुरी होते.

विसावा कसा घ्यावा

अर्धा-पाऊण तास काम झाल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसावे व पाणी प्यावे. या वेळात तांदूळ निवडणे किंवा भाजी चिरणे म्हणजे विसावा नव्हे. वाकून करण्याच्या कामानंतर उभ्याने करण्याचे काम घ्यावे. अंगण झाडण्याच्या खराट्याला लांब दांडा बांधल्यास पाठ ताठ राहते. सारवताना कमरेत वाकण्यापेक्षा पोत्याची घडी घालून गुडघ्यांवर बसणे बरे. गरोदर व बाळंत स्त्रीने भरलेला हंडा किंवा शेणाची पाटी उचलू नये. चक्कर, धाप अथवा न थांबणारी कंबरदुखी असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे.

घरातील इतरांचा वाटा

केवळ गृहिणीने नियोजन करून भागणार नाही. गोठ्याचे शेण काढणे व टाक्या उपसणे ही ताकदीची कामे पुरुषांनी घ्यावीत. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने आपले अंथरूण आवरावे व आपले ताट घासावे. असे केल्याने गृहिणीचा रोजचा मोठा भार हलका होतो.

ग्रामसेवकांनी हा विषय मांडताना केवळ सुनांना उपदेश करू नये. विसावा घेणारी सून आळशी ठरेल, ही भीती पुष्कळ घरांत असते. म्हणून घरातील वडीलधाऱ्या सासूबाईंना प्रथम विश्वासात घ्यावे. त्यांच्या स्वतःच्या दुखऱ्या कमरेची आठवण त्यांना पुरेशी असते. पुरुषांच्या बैठकीतही हा विषय काढावा. गावात आठवड्याचा एक ‘कोरडा दिवस’ ठरविल्यास सर्व घरांतील पाण्याची भांडी एकाच दिवशी रिकामी होतील व काम कोणा एकीवर पडणार नाही.

बैल दमला तर पेरणी अडते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. गृहिणी दमली तर घर व शेत दोन्ही अडतात. शेतकरी बंधूंनी दुपारी औत सोडताना घराकडेही एकवार पाहावे आणि तेथील जूही घटकाभर उतरले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.