आधी जिंकवायचे, मग लुटायचे : गोंदिया पट्ट्यातील ठकबाजीची रचना

ठकबाजी हा एकट्याचा धंदा क्वचितच असतो. खिसा कापायला एक माणूस पुरतो. हिशेबी, चार पावसाळे पाहिलेल्या व्यापाऱ्याने आपण होऊन कोट्यवधी रुपये काढून द्यावेत असे घडवायचे, तर त्याला टोळी लागते, कामाची वाटणी लागते आणि महिनोन्‌महिने दम धरावा लागतो. शिवाय सुरुवातीला गाठीचे थोडे पैसे सावजाच्या हाती ठेवावे लागतात. चोरी आणि ठकबाजी यांतला खरा फरक याच ठिकाणी आहे. ठक आधी देतो, आणि त्याने दिलेली पहिली रक्कम हेच त्याचे मुख्य हत्यार असते. गोंदिया शहर आणि सीमेपलीकडचा बालाघाट जिल्ह्यातला लांजी-किरनापूर पट्टा येथे २०२२ आणि २०२३ साली दोन मोठी प्रकरणे उघडकीस आली. एक सट्ट्याचे होते, दुसरे ‘पैसे डबल’चे. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या दोन्ही प्रकरणांच्या मुळाशी हेच हत्यार आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या या जंक्शनवरून एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरकडे जातो, दुसरा बल्लारशाहकडे. भोवतालचा मुलूख धानाचा आहे. राईस मिल, अडते, दलाल, बारदान्याचे व्यापारी, कोंडा-कणीचे खरेदीदार अशी एकाला एक लागलेली साखळी आहे आणि तिच्यातला मोठा व्यवहार शब्दावर चालतो. माल आज उचलायचा आणि पैसे पुढच्या आठवड्यात द्यायचे, मध्ये कागद असेलच असे नाही. अमका माणूस ओळखीचा आहे, त्याच्या घरी येणे-जाणे आहे, एवढे तारण पुरते. या विश्वासावर बाजार उभा आहे आणि तो असायलाच हवा, कारण प्रत्येक पोत्यामागे करारनामा करत बसले तर धान गोदामातच सडेल. ठकाला मात्र हाच विश्वास आयता मिळतो. त्याला नवा विश्वास निर्माण करावा लागत नाही. गावात आधीच असलेला तो वापरतो.

टोळीतली पहिली भूमिका म्हणून ओळखीच्या माणसाची. नागपूर-जबलपूर वाटेवर वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या ठगांमध्येही हीच भूमिका होती. जबलपूरला बसून त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने १८३६ साली ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश छापला. त्यात वाटसरूशी गोड बोलून त्याला आपल्या तांड्यात ओढणाऱ्याला ‘सोठा’ असा खास शब्द आहे. गळा आवळणारा वेगळा आणि खड्डा खणणारा वेगळा. सोठ्याच्या अंगी लागायचा तो फक्त बोलण्यातला गोडवा. आजचा सोठा लग्नात भेटतो, जिममध्ये भेटतो, दुकानाच्या गादीवर शेजारी येऊन बसतो. तो पैसे मागत नाही. स्वतः किती कमावले ते सहज बोलता बोलता सांगतो आणि विषय बदलतो.

दुसरी भूमिका बुकीची, म्हणजे भाव देणाऱ्याची. विदर्भात क्रिकेट सट्ट्याच्या धंद्याला ‘लगवाडी-खायवाडी’ म्हणतात. पैसे लावणारा लगवाडी करतो, ते अंगावर घेणारा खायवाडी. झेपेल त्याहून मोठा सौदा अंगावर आला तर बुकी त्यातला काही भाग वरच्या बुकीकडे उतरवतो. गल्लीतून शहराकडे आणि शहरातून थेट परदेशाकडे जाणारी ही उतरंड बेकायदा असली, तरी तिच्यात सामना खरा असतो आणि निकालही खरा असतो. बुकी हरला तर त्याला पैसे द्यावे लागतात. फसवणूक सुरू होते ती बुकी आणि यंत्र चालवणारा एकाच टोळीचे असतात तेव्हा.

तिसरी भूमिका त्या यंत्राची. सावजाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक येते. तिच्यातून उघडणाऱ्या पानावर त्याच्या नावाचा आयडी असतो, वरच्या कोपऱ्यात शिल्लक दिसते, खाली सामन्यांचे भाव दर सेकंदाला हलत असतात, बाजूला तीन पत्ती आणि अंदर-बाहरचे टेबल मांडलेले असते. भरलेले पैसे ताबडतोब शिल्लकीत चढतात. प्रत्यक्षात शिल्लक दाखवणारा तो आकडा म्हणजे कोणीतरी टाइप केलेला मजकूर असतो. त्यामागे रोकड असेलच असे नाही. पडद्यामागे दुसरे पान असते, त्याला धंद्यात ‘पॅनल’ म्हणतात. कोणत्या आयडीवर किती लागले, कोण कोणत्या बाजूला आहे, निकाल कसा लागला तर किती द्यावे लागतील, हे सगळे तिथे दिसते. पॅनल हाती असलेला माणूस सौदा रद्द करू शकतो, भाव गोठवू शकतो, आयडी बंद करू शकतो. प्रामाणिक जुगारातही अड्डा चालवणाऱ्याची थोडी सरशी ठरलेलीच असते. इथे तर पॅनलवाल्याला समोरच्याचे पत्ते उघडे दिसतात आणि डाव मांडणाराही तोच असतो.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ठकांच्या टोळ्या शहरात खोली भाड्याने घेऊन तिथे घोड्यांच्या शर्यतीचे खोटे सट्टा-दुकान थाटत. फळ्यावर भाव लिहिणारा, खिडकीत नोटा मोजणारा, आनंदाने ओरडणारे गिऱ्हाईक, सगळे भाडोत्री नट. त्या खोलीत खरे असे ते एकटे सावज. डेव्हिड मॉरर या भाषाशास्त्रज्ञाने ठकांच्या बोलीचा अभ्यास करताना ही सगळी पद्धत नोंदवली आणि १९४० साली ‘द बिग कॉन’ हे पुस्तक लिहिले. १९७३ चा ‘द स्टिंग’ हा चित्रपट त्याच दुनियेवर आहे. मॉररच्या नोंदींतही सावजाला आधी छोटी रक्कम जिंकू देण्याचा टप्पा ठरलेला दिसतो. फरक इतकाच की त्या काळी खोली आणि नट लागत, आता मोबाइलच्या पडद्यावर भागते.

कधी कधी मैदानही लागते. २०२२ साली गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात एका शेतात खेळपट्टी, दिवे आणि कॅमेरे लावून आयपीएलचे खोटे सामने खेळवले गेले. खेळाडू म्हणजे गावातले शेतमजूर आणि बेरोजगार तरुण, दर सामन्याला चारशे रुपयांवर आणलेले. अंगावर संघांचे गणवेश, प्रसिद्ध समालोचकाच्या आवाजाची नक्कल, प्रक्षेपण यूट्यूबवरून. पैसे लावणारे रशियातल्या शहरांत बसलेले. पंचाकडे वॉकीटॉकी होता. त्यावरून आलेल्या हुकमाप्रमाणे तो गोलंदाजाला खूण करी आणि पुढच्या चेंडूवर चौकार बसे किंवा गडी बाद होई. स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली तेव्हा पोलीस आले.

टोळीत काम करणाऱ्या सगळ्यांना आपण कशात आहोत हे ठाऊक असतेच असे नाही. मुंबईतले १९८७ चे प्रकरण याचा सर्वांत मोठा दाखला ठरावा. एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तचर व सुरक्षा अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात दिली, बड्या हॉटेलात मुलाखती घेतल्या आणि निवडलेल्या उमेदवारांना घेऊन १९ मार्च रोजी ऑपेरा हाउस भागातल्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयचा म्हणून ‘छापा’ घातला. दागिने ‘जप्त’ करून तो निघून गेला. मागे उरलेले उमेदवार त्याची वाट पाहत बसले होते. त्यांना खरोखर नोकरी लागल्यासारखे वाटत होते. आजच्या टोळीत ती जागा खातेदाराने घेतली आहे. महिन्याला दोन-चार हजारांच्या आशेने बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारा मुलगा बहुतेक वेळा कॉलेजात शिकणारा किंवा मजुरी करणारा असतो. लुटीचे पैसे त्याच्या खात्यातून काही मिनिटांत पुढे जातात आणि पोलिसांच्या हाती पहिले नाव त्याचे लागते. या रचनेत सर्वांत कमी मिळवून सर्वांत आधी अडकणारा तोच, आणि त्याची बाजू मांडणारे कोणी नसते, ही गोष्ट मनाला लागते.

गोंदियाचे प्रकरण जुलै २०२३ मध्ये बाहेर आले. नागपूर पोलिसांनी मांडलेली हकिकत अशी : एका बुकीने नागपुरातल्या व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात भरपूर कमाई असल्याचे पटवायला सुरुवात केली. व्यापारी प्रथम तयार नव्हता. पुढे राजी झाल्यावर त्याने हवाल्यामार्फत आठ लाख रुपये पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, खाते उघडले, आणि त्यात आठ लाख जमा दिसले. आरंभी तो जिंकत गेला. नंतर पारडे फिरले. शेवटी हिशेब झाला तेव्हा हरलेली रक्कम ५८ कोटी होती आणि जिंकलेली ५ कोटी. त्याने पैसे परत मागितले, नकार मिळाला, तेव्हा तो सायबर पोलिसांकडे गेला. २२ जुलैला त्या बुकीच्या गोंदियातल्या घरावर छापा पडला. त्यात दहा कोटींहून अधिक रोकड आणि काही किलो सोने सापडले. पुढचा तपास बँकेच्या लॉकरपर्यंत गेला. संशयित त्याआधीच दुबईला निघून गेल्याचे पोलिसांनी सांगितले. नंतर तो परतला, जामिनासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या गेल्या आणि त्याला शरण यावे लागले. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम आहे. रचना समजण्यासाठी या हकिकतीतला एकच तपशील पुरेसा आहे : आठ लाख पाठवले आणि आठ लाख जमा दिसले. व्यापाऱ्याच्या लेखी समोरचा माणूस त्या क्षणी व्यवहाराला चोख ठरला.

लांजी-किरनापूरच्या प्रकरणात ना सामना होता ना अ‍ॅप. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-सालेकशाच्या पलीकडचा हा भाग मध्य प्रदेशात मोडतो, पण बोली, सोयरीक आणि बाजारहाट यांनी तो गोंदियाशी बांधलेला आहे; पोवारी आणि मराठी दोन्हीकडे बोलली जाते. थोड्या महिन्यांत पैसे दुप्पट करून देण्याच्या बोलीवर गावोगावी रकमा गोळा होत होत्या. मे २०२२ मध्ये बालाघाट पोलिसांनी ११ जणांना अटक करून सुमारे दहा कोटींची रोकड पकडली. अशा योजनेत पहिल्या फळीतल्या लोकांना ठरल्या तारखेला खरोखर दुप्पट पैसे मिळतात. त्या पैशांतून गाडी येते, घरावर स्लॅब पडतो, आणि तो स्लॅब गावात कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलतो. म्हणूनच योजना चालवणाऱ्यावर बालंट आले की पैसे मिळालेली माणसे त्याच्या बाजूने उभी राहतात. त्यांच्या अनुभवापुरते ते खरे बोलत असतात.

गणित मात्र सुटत नाही. शंभर जणांना दुप्पट द्यायचे तर दोनशे जणांची तेवढीच रक्कम हवी. त्या दोनशेंना द्यायला चारशे लागतात. चालवणाऱ्याने स्वतःसाठी एक रुपयाही ठेवला नाही असे धरले, तरी दहाव्या फेरीला १ लाख २ हजार ४०० माणसे लागतात आणि चौदाव्या फेरीला १६ लाख ३८ हजार ४००. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख २२ हजार होती. सहा महिन्यांची एक फेरी धरली तर सात वर्षांत तान्ह्या बाळांसकट अख्खा जिल्हा अपुरा पडतो. शेवटच्या फेरीत असतात ते उशिरा कळलेले लोक. धानाचे चुकारे खात्यात पडल्यावर, किंवा दोन एकर विकल्यावर, शेजाऱ्याचा स्लॅब पाहून आलेले. त्यांचा पैसा बुडतो तेव्हा आधी मिळालेल्यांचा नफा नेमका कुणाच्या खिशातून आला होता ते उघड होते.

पैसा बाहेर पडण्याच्या वाटा दोन. बँकेतून गेलेला पैसा खात्यांमागून खाती फिरतो, तरी मागे नोंद ठेवतो. हवाल्याने गेलेला पैसा नोंद ठेवत नाही. इथे नोटा दिल्या, तिथे निरोप गेला, दुसऱ्या गावी तेवढ्याच नोटा निघाल्या. शेवटी रोकडीचे सोने होते, कारण ते कमी जागेत मावते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथे तक्रार लगेच पोहोचली तर पुढच्या खात्यातली रक्कम रोखता येते. तासागणिक ही शक्यता घटत जाते, आणि पहिला हप्ताच हवाल्याने गेला असेल तर रोखण्यासारखे काही उरतच नाही.

टोळीचे शेवटचे कवच म्हणजे सावजाचे मौन. पैज बेकायदा होती, पैसा हिशेबाबाहेरचा होता, घरी सांगितलेले नव्हते. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरतो, म्हणून जिंकलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा टिकत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. तक्रार केली तर आपणच जुगारी ठरू, या धास्तीने लोक गप्प बसतात. फसवणूक मात्र पैजेहून वेगळा गुन्हा आहे. नागपूरच्या व्यापाऱ्याची तक्रार भारतीय दंड संहितेच्या ४२० व्या कलमाखाली नोंदली गेली. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम लागते. पैसे डबलच्या योजनांना केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागू होतो. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याने मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटता येते, पण वाटपाला वर्षे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ चालवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि पैशांची देवघेव जुळवून देणारा असे तिघेही या कायद्याच्या कचाट्यात येतात. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही.