विचारलं, म्हणून थांबल्या

बंगळुरात जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात खरेदीला येणारी गर्दी शर्टाची किंमत घासाघीस करून ठरवते. तिथून आग्नेयेला, बोम्मनहळ्ळीच्या बाजूला, कपड्यांच्या कारखान्यांचा पट्टा आहे. शिवणाऱ्या बहुतेक बायकाच. एक कॉलर लावते, दुसरी कफ, तिसरी बाही. त्यातली एखादी न सांगता आली नाही की तिच्या मशीनपाशी अर्धवट शर्ट साचतात, टार्गेट हुकतं आणि सुपरवायझरच्या तोंडाचा पट्टा सुटतो. अशा वेळी शेजारणीने चार पीस ओढून घेतले तर दिवस निभावतो. जेम्स हाऊस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये कामावरच्या आधाराचे चार प्रकार सांगितले होते: धीर, हातची मदत, माहिती आणि कामाबद्दलचा अभिप्राय. शेजारणीची मदत त्यातलीच.

पण वरच्यांनी नुसतं ऐकून घेतलं तर? अच्युत अध्वर्यु आणि सहकाऱ्यांनी भारतीय गारमेंट कारखान्यांत हे तपासलं. पगारवाढ झाली होती, पण अपेक्षेपेक्षा तोकडी. लगेचच काही कामगारांना यादृच्छिक पद्धतीने निवडून, नाव गुप्त ठेवून विचारलं गेलं: काम कसं आहे, सुपरवायझर कसा आहे, समाधानी आहात का? तेवढ्यानेच नोकरी सोडणं आणि दांड्या दोन्ही घटल्या. सगळ्यात जास्त हिरमुसलेल्यांत तर ठळकपणे. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आले.

मालकांना हे औषध भलतंच स्वस्त वाटेल, म्हणून दुसरा प्रयोगही सांगायला हवा. बंगळुरातल्या पाच कारखान्यांत सोडत काढून काही बायकांना सुमारे ८० तास संवाद, वेळेचं नियोजन वगैरे शिकवलं. त्यांची उत्पादकता १३.५ टक्के वाढली, पगार जेमतेम अर्धा टक्का. टिकून राहण्यात मात्र इतरांहून फरक दिसला नाही. पगार एवढासाच वाढला, तर मला यात नवल वाटत नाही.

शिवाय नोकरी सोडण्याचं कारण दर वेळी कारखान्यातच असतं असंही नाही. मुलीची फी, घरातलं आजारपण अशा वेळी राजीनामा देऊन पीएफ काढणं ही अनेकींची हक्काची सोय. २०१६ मध्ये केंद्राने मालकाच्या हिश्श्याचा पीएफ वयाच्या ५८ वर्षांपर्यंत अडकवायचं ठरवलं, तेव्हा एप्रिलमध्ये हजारो बायका कारखाने सोडून होसूर रोडवर उतरल्या. दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, सरकारने तो नियम मागे घेतला.