एक रिंग दे, उचलणार नाही

“पोहोचलीस की एक रिंग दे, मी उचलणार नाही.”

कराडच्या स्टँडवरून कोल्हापूरची एस.टी. सुटताना आई खिडकीखाली उभी राहून दर रविवारी हेच सांगायची. २००९ ते २०११ या काळात मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करत होते. वसतिगृहावर पोहोचले की दादाचा जुना नोकिया ३३१० काढायचा, घरी एक रिंग द्यायची आणि लगेच कट करायचं. एक रिंग म्हणजे सुखरूप पोहोचले. दोन म्हणजे तुम्ही फोन करा. तीन म्हणजे पैसे संपले! एक पैसाही न खर्चता घराशी बोलायची ही आमची भाषा होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशीच एखादी भाषा असेल.

भारतात मोबाइलवरून पहिला फोन झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी केलेल्या फोनला तर पैसे पडतच, पण आलेल्या फोनलाही पडत. त्यामुळे मोबाइल वाजला की आनंद कमी आणि धास्तीच जास्त! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग आमच्यासारख्यांच्या घरात फोन आला.

बाबांनी २००४ मध्ये नोकिया ११०० आणला. कॅमेरा नाही, रंग नाहीत, पण डोक्यावर टॉर्च. तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंगचे दिवस होते. संध्याकाळी दिवे गेले की पहिल्यांदा बाबांचा खिसा उजळायचा. जिन्यातली चप्पल, देवघरातली काडेपेटी, माझं गणिताचं पुस्तक, सगळं त्याच उजेडात सापडायचं. जगभरात या फोनची विक्री २५ कोटींच्या वर गेली, हे मला फार नंतर वाचनात आलं. आमच्या घरी मात्र तो एकच होता आणि सापाच्या खेळासाठी त्याच्यावर माझं नि दादाचं रोज भांडण ठरलेलं.

एसएमएसची गंमत तर वेगळीच. आम्ही राहतो त्या रेडिंगपासून न्यूबरी अर्ध्या तासावर आहे. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी तिथे पोहोचला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, त्याही संगणकावरून. कारण तेव्हाच्या फोनवर मजकूर लिहायची सोयच नव्हती. आम्हाला ती सोय मिळाली, पण ‘शुभ’ लिहायला सातचं बटण चारदा दाबल्यावर कुठे ‘एस’ उमटायचा. एका संदेशात १६० अक्षरं. देवनागरीत लिहायचं तर फक्त ७०, म्हणून आपली मराठी इंग्रजी लिपीत शिरली. शिवाय सणाच्या दिवशी एसएमएसचं पॅक चालायचं नाही, पूर्ण दर लागायचा. म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा आम्ही आदल्या दिवशीच पाठवून मोकळे व्हायचो.

आता मूळ गोष्टीकडे येते. बाबा गेल्यावर आई कराडला एकटी राहायला लागली. दोन वर्षांपूर्वी मी तिला मोठ्या हौसेने स्मार्टफोन दिला. रोज नातवाचा चेहरा दिसेल, हा हेतू. प्रत्यक्षात आम्हाला आईच्या घरचा पंखा दिसायचा, नाहीतर तिचं अर्धं कपाळ. फोन उचलायला हिरवी खूण दाबायची नाही, सरकवायची, हे तिला जमेना. “अगं आई, किती वेळा सांगू?” हे माझं वाक्य रोजचंच झालं. हळूहळू तिचे फोन कमी झाले. विचारलं तर म्हणायची, “तुझी कामं असतात गं.” मलाही ते सोयीचं होतं, म्हणून मी खोदून विचारलं नाही.

या उन्हाळ्यात कराडला गेले. रात्री वीज गेली आणि आईच्या उशीखालून ओळखीचा पांढरा उजेड बाहेर आला. बाबांचा ११००! सिम नाही, पण चार्जिंग मात्र नियमित. “अजून वापरतेस?” मी विचारलं. तिने अंगठा बटणांवरून फिरवला आणि म्हणाली, “यातला पाच मला सापडतो.”

पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो सापडला की बाकीचे आकडे न बघता कळतात. आईला काचबिंदू आहे हे मला माहीत होतं. पण गुळगुळीत काचेवर तिला बोट कुठे ठेवायचं तेच कळत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. मी सहा वर्षं शाळेत शिकवलं. मुलाला कळलं नाही तर शिकवायची पद्धत बदलावी, हे मला पाठ होतं. आईच्या वेळी मी फक्त आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने आईचं छोटं सिम एका चौकटीत बसवून जुन्या फोनमध्ये घातलं. दोनचं बटण दाबून धरलं की माझा नंबर लागेल, अशी सोय केली. स्मार्टफोन घरी आहेच. शेजारची मुलगी रविवारी येऊन व्हिडिओ लावून देते. बाकीचे सहा दिवस आमची जुनी भाषा चालते. रात्री जेवण झालं, औषध घेतलं की आई एक रिंग देते. मी उचलत नाही. दोन आल्या तर हातातलं काम टाकून मी फोन करते. तीन रिंग मात्र आता माझा मुलगा आजीला देतो, खाऊसाठी!

यंदा पहिल्या आंघोळीला आई पहाटे उठेल, पणती लावेल आणि रिंग देईल. इथे तेव्हा मध्यरात्र असेल. त्या रात्री मी फोनचा आवाज बंद करणार नाही.