चढावर टकटकणारी मोटार

मोटारींतून येणारा एखादा अपरिचित आवाज बहुधा अ‍ॅक्सिलरेटर दाबला म्हणजे प्रकट होतो, आणि गाडी मिस्त्रीच्या दारांत उभी राहिली कीं हटकून नाहींसा होतो. मालक त्या आवाजाची नक्कल करून दाखवितो, मिस्त्री मान डोलावितो, आणि अखेरीस अंदाजानें एखादा भाग बदलून प्रकरण मिटविण्यांत येतें. वस्तुतः आवाज कसा आहे यापेक्षां तो कशाच्या पाठोपाठ वाढतो व कशाबरोबर थांबतो, हें पाहणें निदानास अधिक उपयुक्त असतें.

चालत्या मोटारींत तीन गोष्टी सारख्या बदलत असतात: एंजिनाचे फेरे, चाकांचे फेरे आणि एंजिनावर पडणारा भार. अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच तिन्ही एकदम वाढूं लागतात. घोटाळा होतो तो येथेंच. त्यांना वेगळें करण्याची रीत मात्र सोपी आहे. गाडी उभी ठेवून, गिअर न्यूट्रलमध्यें घालून एंजिनाचा वेग हळूहळू चढवावा. तेव्हांहि आवाज आला तर तो एंजिनाच्या फेऱ्यांशीं निगडित आहे. न आल्यास मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वेगांत आणून अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलावा. गाडी धांवतच असते, चाकें फिरतच असतात, केवळ भार गेलेला असतो. आवाज त्याच क्षणीं थांबला तर मूळ भारांत आहे. तसाच चालू राहिला तर चाकांत किंवा त्यांच्या बेअरिंगांत शोधावें.

पट्टा सैल झाला तर तो किंचाळतो. सायलेन्सरवरील पातळ पत्रा ठराविक फेऱ्यांवरच थरथरतो. धुराच्या नळीचा एंजिनाशीं असलेला सांधा गळत असेल तर थंड एंजिनांत टिकटिक ऐकूं येते व धातु तापून फुगला कीं ती मंदावते. अशी गळती फार दिवस तशीच ठेवूं नये, कारण त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड गाडींत शिरूं शकतो. हातोड्यासारखा खोल, जड ठोका एंजिनाच्या तळाकडून येत असेल तर गाडी तेथेंच थांबवून ओढून न्यावी हें बरें.

परंतु भाराबरोबर येणारा व भाराबरोबर जाणारा एक आवाज या सर्वांहून निराळा आहे. पत्र्याच्या डब्यांत छर्रे हलवावे तशी ती बारीक, कोरडी टकटक असते. वरच्या गिअरमध्यें, मंद वेगानें, खंडाळ्याच्या घाटासारखा चढ चढतांना पाय जोरानें दाबला कीं ती उमटते. ऐकणारास वाटतें कीं लोखंडावर लोखंड आपटत आहे. वास्तविक तेथें कांहींच सुटलेलें नसतें.

सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें, ठिणगी पडते आणि ज्वाला पुढें सरकत जाते. ती झटकन् जाते खरी, तरी तिला सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतातच. तेवढ्या अवधींत जळालेला वायु फुगतो आणि न जळलेल्या मिश्रणास आणखी दाबतो व तापवितो. भार मोठा असला म्हणजे सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें. फेरे मंद असले म्हणजे त्यास तापण्यास सवडहि मिळते. मग ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप, एकदम पेट घेतें. त्या धक्क्याच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि सेकंदास सुमारें ६ ते ७ हजार कंपनांचा आवाज बाहेर पडतो. हें असेंच चालूं दिलें तर दट्ट्याचा माथा जळून त्यास भोंकहि पडतें. खालचा गिअर घातला तर टकटक तत्काळ थांबते, यांत आतां नवल वाटूं नये.

तिचें निदान करतांना जाणते लोकहि प्रथम फसले. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांची विजेची स्टार्टर व ठिणगीची योजना आली आणि टकटकीचें खापर तिच्याच माथीं फुटलें. केटरिंग यांचे सहकारी टॉमस मिजली यांनीं १९१६ मध्यें तपास आरंभिला. इंधनास लाल रंग दिल्यास तें उष्णता लवकर शोषील, या कल्पनेनें त्यांनीं त्यांत आयोडिन मिसळलें, आणि टकटक थांबली! मग निव्वळ रंग घालून पाहिले, तर कांहींच परिणाम होईना. कल्पना खोटी ठरली. पण दोष ठिणगींत नसून इंधनांत आहे हें कळलें.

९ डिसेंबर १९२१ रोजीं त्यांना टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग सांपडलें. त्याचा अल्पसा अंश पुरे होई. शिसें विषारी आहे ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. स्वतः मिजली यांना त्याची बाधा झाली, आणि ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील एका कारखान्यांत पांच कामगार त्यापायीं दगावले. अल्कोहोलनेंहि टकटक आवरते हें तेव्हांच ठाऊक होतें. तरीहि निवड शिशाची झाली आणि कित्येक दशकें तें शहरांतील मुलांच्या रक्तांत साचत राहिलें. एका आवाजावरचें हें औषध फारच महाग पडलें. मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. जगांत सर्वांत शेवटीं अल्जीरियांत, २०२१ सालीं.

टकटक सहन करण्याचा इंधनाचा गुण ऑक्टेन या अंकानें मोजतात. आतां पेट्रोलमध्यें मिसळण्यांत येणाऱ्या इथेनॉलचा अंक १०० हून अधिक आहे. रॉकेलाचा फार कमी, म्हणून त्याची भेसळ झाल्यास टकटक लगेच सुरू होते. पेट्रोल चांगलें असूनहि ती येत असेल तर आंत सांचलेली काजळी, तापलेलें एंजिन किंवा वेळेपूर्वीं पडणारी ठिणगी यांचा संशय घ्यावा.

नव्या गाड्यांत एंजिनावर बसविलेला एक लहानसा स्फटिक ही कंपनें ऐकतो, आणि यंत्रणा ठिणगी किंचित् उशिरां पाडून टकटक दाबून टाकते. आवाज गेला तरी कारण राहतें. जो चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्यें चढत होती तो दुसऱ्यांत चढूं लागते आणि पेट्रोल अधिक लागतें. अशा वेळीं कोणत्या गिअरमध्यें, किती वेगांत, एंजिन थंड कीं गरम असतांना, आणि कोणत्या पंपावर पेट्रोल भरल्यानंतर फरक पडला, एवढें मिस्त्रीस सांगावें. ठिणगी किती मागें हटली आहे तें त्यास उपकरण जोडून पाहतां येतें.